मिनिट, तास आणि मीटर : उत्पादनदराचे अंकगणित

ठरावीक वेळात किती माल तयार होतो, याचे प्रमाण म्हणजे उत्पादनदर. माल मीटर, किलो, डझन किंवा नगांत मोजतात; वेळ सेकंद, मिनिट, तास किंवा पाळीत. मालाच्या आकड्याला वेळेच्या आकड्याने भागले की दर मिळतो. व्याख्या एवढीच, आणि ती प्राथमिक शाळेतच शिकवली जाते. तरीही कारखान्यांच्या वह्यांत या हिशेबाच्या चुका होत राहतात. त्या भागाकाराच्या क्वचित असतात, बहुतेक वेळा त्या वेळेच्या एककाच्या असतात. माल दहाच्या पटीत मोजला जातो आणि वेळ साठाच्या पटीत. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारीशेजारी बसतात, दिसायला सारखे दिसतात, आणि तिथेच घोळ होतो. जिथे मजुरी मालावर ठरते, तिथे हा घोळ थेट कामगाराच्या पगारात उतरतो. म्हणून हे गणित नीट समजून घेण्यासारखे आहे.

समजून घेण्यासाठी यंत्रमागाइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी बसवला. पुढे इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर या गावांचे अर्थकारण मागाच्या खटखटीवर चालू लागले. मागाचा वेग मिनिटात सांगतात, कापडाची वीण इंचात, कापडाची लांबी मीटरमध्ये आणि कामाची वेळ तासात. चार एकके एकाच हिशेबात येतात.

धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाला गेला की कापडात एक आडवा धागा पडतो. त्याला पीक म्हणतात. साधा धोट्याचा माग मिनिटाला साधारण १२० ते १८० पीक मारतो. रॅपिअर माग त्याहून बराच वेगवान, आणि एअरजेट माग तर मिनिटाला सहाशेच्या पुढे जातो. समजा माग मिनिटाला १५० पीक मारतो आणि कापड ५२ पिकांचे आहे, म्हणजे त्याच्या एका इंचात ५२ आडवे धागे आहेत. तासाला १५० × ६० = ९,००० पीक. त्याला ५२ ने भागले की १७३.०८ इंच. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, तेव्हा ४३९.६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ४.४० मीटर. माग क्षणभरही न थांबता चालला तर तासाला एवढे कापड निघेल.

हाच हिशेब उलट बाजूनेही करता येतो. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणून ३९.३७ × ५२ = सुमारे २,०४७ पीक. मिनिटाला १५० पिकांच्या वेगाने त्यांना १३.६५ मिनिटे लागतात. इथे थांबून पाहिले पाहिजे. १३.६५ मिनिटे म्हणजे १३ मिनिटे ६५ सेकंद नव्हेत. दशांश चिन्हापुढचा भाग ०.६५ मिनिट आहे. त्याला ६० ने गुणले की ३९ सेकंद येतात. म्हणजे मीटरला १३ मिनिटे ३९ सेकंद.

तासाला मीटर आणि मीटरला मिनिटे ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, पण ती एकमेकांच्या उलट वागतात. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. वेळ मिनिटांतून तासांत न्यायची तर ६० ने भागायचे : ९० मिनिटे म्हणजे दीड तास. पण दर मिनिटावरून तासावर न्यायचा तर ६० ने गुणायचे : मिनिटाला १५० पीक म्हणजे तासाला ९,०००. एकक तेच, बदल तोच, तरी एकदा भागाकार आणि एकदा गुणाकार. कारण दरात वेळ भाजकाच्या जागी असते. एकक मोठे केले की त्या एककाची संख्या घटते, पण त्या मोठ्या एककात बसणारा माल वाढतो. जो हे एकदा समजून घेतो त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही. ‘तासात मिनिटापेक्षा जास्त काम होते’ एवढे मनाशी पक्के असले, तर उत्तर कोणत्या बाजूला जायला हवे ते आधीच कळते, आणि उत्तर भलतीकडे गेले की चूक उघडी पडते.

दुसरी चूक याहून चोरटी आहे. पाळी ७ तास ४५ मिनिटे चालली. वहीत लिहिताना ते ७.४५ असे लिहिले जाते. दोन आकड्यांमध्ये टिंब देण्याची सवय घड्याळ वाचताना लागलेली असते आणि वाचताना तिने बिघडत काही नाही. पण तोच आकडा गणकयंत्रात टाकून दराने गुणला की यंत्र त्याला सात पूर्णांक पंचेचाळीस शतांश समजते. खरा आकडा ४५ ÷ ६० = ०.७५, म्हणजे ७.७५ तास. फरक ०.३० तासाचा, म्हणजे १८ मिनिटांचा. तासाला साडेतीन मीटर कापड निघत असेल तर एका मागामागे एका पाळीत एक मीटरहून थोडे जास्त कापड हिशेबातून गळते. आठ मागांवर काम करणाऱ्याचे आठ मीटर जातात. महिनाभर हीच पद्धत चालली तर किती जातात, ते वाचकाने स्वतः गुणून पाहावे.

ही चूक टाळण्याची खात्रीची रीत अशी : सगळी वेळ आधी मिनिटांत आणावी, गुणाकार-भागाकार मिनिटांतच उरकावा, आणि तास हवेच असतील तर ते शेवटी काढावेत. ७ तास ४५ मिनिटे म्हणजे ४६५ मिनिटे. यात टिंबाला जागाच नाही. ज्यांना तासांतच काम करायचे आहे त्यांनी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. ६ मिनिटे म्हणजे ०.१ तास, आणि ३६ सेकंद म्हणजे ०.०१ तास. बाकीचे त्यावरून निघते : १२ मिनिटे ०.२, १५ मिनिटे ०.२५, ५४ मिनिटे ०.९. फक्त तीनने भाग न जाणारी मिनिटे तासाच्या दशांशात पूर्ण बसत नाहीत; २० आणि ४० मिनिटांसाठी ०.३३३ आणि ०.६६७ वर थांबावे लागते. अशा ठिकाणी एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश असे अपूर्णांकच ठेवणे चांगले.

संगणकावरच्या तक्त्यांनी यात नवी अडचण आणली आहे. तिथे ७:४५ असे लिहिले तर पडद्यावर ७:४५ दिसते, पण आत तो आकडा दिवसाचा अंश म्हणून साठवलेला असतो : ७.७५ ÷ २४ = ०.३२२९. त्याला तासाच्या दराने गुणले की उत्तर चोवीसपट कमी येते. म्हणून आधी २४ ने गुणून तास करून घ्यावे लागतात. रात्रपाळीत संध्याकाळी आठला सुरू होऊन सकाळी आठला संपणाऱ्या कामाची वेळ वजाबाकीने ऋण येते; तिथे शेवटच्या वेळेत २४ तास मिळवावे लागतात. यंत्र चुकत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते.

साठाची ही पद्धत मेसोपोटेमियातल्या बाबिलोनी गणितातून आली. तिचा टिकाऊपणा उगाच नाही. ६० ला बारा विभाजक आहेत : १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३०, ६०. तासाचा अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा भाग पूर्ण मिनिटांत येतो. शंभराचा तिसरा भाग असा येत नाही. भारतीय कालगणनेतही साठच होते : अहोरात्राच्या ६० घटी, घटीची ६० पळे. त्यामुळे घटी २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे. तासाला अडीच घटी, मिनिटाला अडीच पळे. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात सोडलेले, तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र हे तर दराच्या गणितावरच उभे आहे : छिद्रातून पाणी ठरावीक दराने आत येते, आणि भांडे बुडेपर्यंत एक घटी होते. फ्रान्सने राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे करण्याचा कायदा केला. त्याच दशमान सुधारणेतले मीटर आणि किलोग्रॅम जगभर रुजले. दशमान घड्याळाची सक्ती मात्र १७९५ मध्येच उठवावी लागली. कारखान्यांतल्या कालमापनाने मग मधला मार्ग काढला. कामाचा वेळ मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या स्टॉपवॉचवर मिनिटाचे साठ नव्हे तर शंभर भाग असतात. तास तसाच राहिला, पण मिनिटाच्या आतला हिशेब दशमान झाला. ही तडजोड फार शहाणपणाची आहे.

दराच्या गणिताचा पाया मराठी मुलखाला नवा नाही. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची हकीकत आहे. लीलावतीतले त्रैराशिक म्हणजे आजच्या उत्पादनदराचेच गणित. प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी. फलाला इच्छेने गुणायचे आणि प्रमाणाने भागायचे. त्यातली अट महत्त्वाची आहे : प्रमाण आणि इच्छा या एकाच जातीच्या राशी असल्या पाहिजेत. म्हणजे ‘मिनिटाला १५० पीक, तर आठ तासांत किती?’ असे विचारले की आधी आठ तासांची ४८० मिनिटे करून घ्यायची, मगच गुणाकार : ७२,००० पीक. एकक जुळवल्याशिवाय गणिताला हात लावायचा नाही, हा नियम साडेआठशे वर्षांपूर्वी स्पष्ट सांगितला गेला आहे. जिथे एक राशी वाढली की दुसरी घटते, तिथे व्यस्त त्रैराशिक. माग दुप्पट लावले की तोच माल निम्म्या वेळात निघतो, हे त्याचे उदाहरण.

लीलावतीत हौदाचेही एक गणित आहे. चार झरे एक हौद अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या दिवसात, दिवसाच्या तिसऱ्या भागात आणि सहाव्या भागात भरतात; चारही एकदम सोडले तर किती वेळ? वेळांची बेरीज किंवा सरासरी करून उत्तर मिळत नाही. आधी दर काढावे लागतात : दिवसाला १, २, ३ आणि ६ हौद. यांची बेरीज १२. म्हणून एक हौद दिवसाच्या बाराव्या भागात भरतो, म्हणजे पाच घटींत, आजच्या भाषेत दोन तासांत. एकाच वेळी चालणाऱ्या यंत्रांचे दर मिळवता येतात, वेळा मिळवता येत नाहीत. कारखान्यात दहा माग एकत्र चालतात तेव्हा हाच नियम लागू होतो.

सरासरीचा सापळाही इथलाच. १२० मीटरच्या मागणीपैकी ६० मीटर तासाला ३ मीटरच्या दराने आणि उरलेले ६० मीटर तासाला ६ मीटरच्या दराने विणले, तर सरासरी दर साडेचार वाटतो. पण पहिल्या भागाला २० तास लागले, दुसऱ्याला १०. एकूण ३० तासांत १२० मीटर, म्हणजे तासाला ४. संथ मागावर वेळ जास्त गेला, म्हणून त्याचा भार सरासरीत जास्त. ग्राहकाला माल कधी मिळेल ते सांगताना साडेचारचा दर धरला तर मुदत २६ तास ४० मिनिटांची दिली जाते, आणि ती हमखास चुकते.

आतापर्यंत माग न थांबता चालतो असे धरले. प्रत्यक्षात तो थांबतो, आणि का थांबतो हे या गणितातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. बारा तासांच्या पाळीची ७२० मिनिटे. मिनिटाला १५० या वेगाने १,०८,००० पीक पडायला हवेत. पीक मोजणाऱ्या काउंटरवर ८६,४०० दिसले तर कार्यक्षमता ८० टक्के. कापड ४२.२ मीटर. तासाला दर ४.४० वरून ३.५२ वर येतो आणि मीटरला १३ मिनिटे ३९ सेकंदांऐवजी १७ मिनिटे ४ सेकंद लागतात. आता समजा पाळीत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी असून तेव्हा माग बंदच असतात. मग कामाची वेळ ६९० मिनिटे, शक्य पीक १,०३,५००, आणि त्याच ८६,४०० पिकांची कार्यक्षमता साडेत्र्याऐंशी टक्के. कामगाराने केलेले काम तेच आहे. भाजकात कोणती मिनिटे धरायची हे ठरवणाऱ्याच्या हाती टक्केवारी असते. म्हणून कार्यक्षमतेचा कोणताही आकडा कोणत्या वेळेवर काढला ते न सांगता दिला, तर त्याला अर्थ नाही.

थांबण्याची कारणे पाहिली की मागाची मिनिटे आणि माणसाची मिनिटे वेगळी दिसू लागतात. समजा साध्या मागावर दर सहा मिनिटांनी धोट्यातली सुताची कांडी संपते आणि ती बदलायला २० सेकंद लागतात. तासात दहा कांड्या, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद. शिवाय तासातून एकदा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटतो आणि तो सांधायला ३ मिनिटे जातात. एका मागाचे तासाला ६ मिनिटे २० सेकंद गेले. माग ८९ टक्के चालला, असे वाटते. पण कामगाराकडे आठ माग आहेत. आठ मागांचे मिळून ५० मिनिटे ४० सेकंद काम त्याच्या तासाच्या ६० मिनिटांत बसवायचे आहे. मागांच्या मधून चालणे, कापडाकडे नजर ठेवणे, पाणी पिणे हे उरलेल्या ९ मिनिटांत. दोन माग एकदम थांबले तर एक ताटकळतो. आता सूत कच्चे आले आणि धागा तासातून दोनदा तुटू लागला, तर कांड्यांची २६ मिनिटे ४० सेकंद आणि धाग्याची ४८ मिनिटे मिळून ७४ मिनिटे ४० सेकंद होतात. साठ मिनिटांत पंचाहत्तर मिनिटांचे काम कोणालाही जमणार नाही. माग उभे राहतात, मीटर घटतात, आणि मीटरवर मजुरी असलेल्या माणसाचा पगार त्याच्या हातून काहीही न चुकता कमी होतो. ‘कामगार ढिला आहे’ असे म्हणण्यापूर्वी हे साधे गुणाकार करून पाहणे मालकाचे आणि मुकादमाचे कर्तव्य आहे.

मजुरी पिकावर ठरवण्याची इचलकरंजीची पद्धत या दृष्टीने विचारपूर्वक आलेली आहे. तिथे ५२ पिकांचे कापड आधार धरून मीटरचा दर ठरतो आणि पीक वाढले की दर त्या प्रमाणात वाढतो. ६० पिकांच्या कापडाला ६० ÷ ५२, म्हणजे १.१५४ पट. त्याच मागावर ६० पिकांच्या मीटरला १५ मिनिटे ४५ सेकंद लागतात, ५२ पिकांच्या मीटरला १३ मिनिटे ३९ सेकंद. हे गुणोत्तरही १.१५४ च आहे. पिकाचा दर म्हणजे मिनिटाचाच दर, मीटरच्या भाषेत सांगितलेला. मात्र हे माग चालू असेपर्यंतच खरे. वीज गेलेली, बीम बदलण्यात गेलेली आणि सूत येण्याची वाट पाहण्यात गेलेली मिनिटे या दरात कुठेच नाहीत.

सूतगिरणीत तोच विचार एका आकड्यात बांधलेला आढळतो. आठ तासांत एका चातीवर किती ग्रॅम सूत निघेल, याचे सूत्र असे : चातीचे मिनिटाला फेरे गुणिले ७.२, भागिले इंचातले पीळ आणि सुताचा नंबर यांचा गुणाकार. हा ७.२ आला कुठून? पाळीची ४८० मिनिटे गुणिले पौंडाचे ४५३.६ ग्रॅम, भागिले वाराचे ३६ इंच, आणि पुन्हा भागिले एका लडीचे ८४० वार. सगळे मिळून बरोबर ७.२. मिनिटाला १६,००० फेरे, इंचाला २५ पीळ आणि ४० नंबरचे सूत धरले तर १,१५,२०० ला १,००० ने भागून ११५ ग्रॅम येतात. सूत्र पाठ असलेल्याला पाळी साडेसात तासांची झाली की अडायला होते. ७.२ मध्ये ४८० मिनिटे दडलेली आहेत हे माहीत असलेला त्याच्या जागी ४५० घालतो, ६.७५ काढतो आणि पुढे जातो. तयार सूत्र हाती आले की त्यातली एकके उकलून पाहावीत, ती कशासाठी, हे यावरून दिसते.

उत्पादनाच्या वहीत मिनिटांवरून झालेला झगडा महाराष्ट्राच्या कामगार चळवळीइतकाच जुना आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी मांडलेल्या मागण्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा वेळेला दुप्पट दर असे नियम घातले. जादा कामाचे १ तास ४० मिनिटे १.४० असे लिहिले, तर १.६६७ पैकी ०.२६७ तास, म्हणजे १६ मिनिटे बुडतात. दर दुप्पट असल्याने कामगाराचा ३२ मिनिटांचा पगार जातो. कायदा पाळला गेला असे कागदावर दिसते आणि पैसे मात्र टिंबाखाली हरवतात.

ज्यांच्या हाती पाळीची वही आहे त्यांच्याकडे मागणे थोडके आहे. तास आणि मिनिटे यांचे रकाने वेगळे ठेवावेत. प्रत्येक दरापुढे त्याचे एकक लिहावे : मिनिटाला, तासाला की पाळीला. माग बंद राहिल्याची मिनिटे कारणासह नोंदवावीत, आणि भाजकात कोणती वेळ धरली ते कार्यक्षमतेच्या आकड्याशेजारीच लिहावे. ही वही कामगाराला पाहता यावी आणि त्याला तिच्यातला आकडा स्वतः पडताळता यावा. त्यासाठी लागणारे गणित सहावीच्या पुढचे नाही.